रोझेट तेजोमेघ राखाडी येतोय, तांबडा येत नाही. फिल्टर घेऊ की कॅमेरा मॉडिफाय करू?

मुचकुंदीकाठ (पूर्णगड)

नमस्कार मंडळी. आमची पूर्णगडजवळ आंब्याची बाग आहे, घर बागेतच. मागच्या हिवाळ्यापासून मी तेजोमेघांचे फोटो काढते आहे. मृगातला एम ४२ लगेच जमला, रंगही आले, त्यामुळे हुरूप वाढला. यंदा रोझेट धरला आहे आणि तिथे गाडी अडली आहे.

सामान सांगते. कॅनन २००डी, ५५-२५० एसटीएम लेन्स, सेकंडहँड घेतलेला स्टार ॲडव्हेंचरर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर), बऱ्यापैकी जड ट्रायपॉड. लेन्स पूर्ण २५० वर, एफ/५.६, आयएसओ १६००, ६० सेकंदांची एकेक फ्रेम. ताऱ्यांना शेपट्या आलेल्या फ्रेम गाळून उरलेल्यांची बेरीज सव्वा तास होते. स्टॅकिंग, म्हणजे फ्रेम एकावर एक रचणं, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये केलं. जागा म्हणजे घराची गच्ची. उत्तरेला कलमांच्या वर ध्रुव जेमतेम दिसतो.

मधला तारकागुच्छ, एनजीसी २२४४, छान टोकदार आला आहे. भोवतीचं कडंही ओळखू येतं. पण ते राखाडी आहे, कुठेकुठे गुलाबीची शंका यावी इतकंच. स्ट्रेच करायला, म्हणजे अंधुक भाग उजळायला गेलं की सगळं आकाश मातकट होतं आणि कडं होतं तिथेच राहतं. रात्री दीडनंतरच्या फ्रेममध्ये एका बाजूने पिवळट उजेड चढतो, समुद्रात दिव्यांच्या बोटी असतात त्या दिशेने. शिवाय बाराच्या सुमारास लेन्सवर दहिवर धरतं. तेव्हा मी मऊ रुमालाने पुसून पुढे चालू करते.

पैसे एकाच गोष्टीवर घालता येतील. ड्युअल-बँड फिल्टर घेऊ, की कॅमेऱ्यातला फिल्टर काढून घेऊ? घरात कॅमेरा हा एकच. बागेचे, मुंजीचे, गणपतीचे फोटो त्याच्यावरच निघतात, हेही लक्षात घेऊन सांगा.

---

वाशिष्ठी_रात्र (चिपळूण)

ताई, फिल्टर घ्या. मी शहरात राहतो, गल्लीत तीन बाजूंनी पांढरे एलईडी दिवे आहेत. एल-एक्स्ट्रीम हा ड्युअल-बँड फिल्टर लावल्यापासून गच्चीतूनच रोझेट, कॅलिफोर्निया, नॉर्थ अमेरिका तिन्ही मिळाले. त्यातून फक्त हायड्रोजनची तांबडी आणि ऑक्सिजनची हिरवट-निळी एवढाच प्रकाश आत येतो, बाकीचा बाहेर राहतो. माझा कॅमेरा मात्र मॉडिफाय केलेला आहे, हे सांगायला हवं.

---

कातळावरून (देवगड)

ताई, वरच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथूनच सुरुवात करतो. उत्तर लांबेल, कारण हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ जणांचा आहे आणि बहुतेकांना पहिला सल्ला फिल्टरचाच मिळतो.

रोझेटच्या मधल्या गुच्छातले काही तारे अतिशय तप्त आहेत, ओ वर्गातले. त्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात. ते परत अणूला येऊन मिळतात आणि पायरी-पायरीने खाली उतरतात. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आले की ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश निघतो, त्याला एच-अल्फा म्हणतात. चौथीवरून दुसरीवर आले की ४८६.१ चा निळसर, तो एच-बीटा. अशा तेजोमेघात अल्फा हा बीटाच्या जवळपास २.८६ पट असतो. म्हणजे तेजोमेघाकडून निघतानाच तांबडं भरपूर आहे.

अडचण आपल्या कॅमेऱ्यात आहे. माणसाच्या डोळ्याला दिसतात तसे रंग यावेत म्हणून सेन्सरच्या पुढे कंपनीने एक फिल्टर बसवलेला असतो. तो अवरक्त किरण तर अडवतोच, पण त्याची उतरण ६५६ च्या आधीच सुरू होते. साध्या डीएसएलआरमध्ये एच-अल्फाचा साधारण चौथा हिस्सा आत पोचतो, कॅमेऱ्यागणिक थोडा कमी-जास्त. आता हिशेब करा. २.८६ चा चौथा हिस्सा ०.७ च्या आसपास. बीटा मात्र जवळजवळ पूर्ण आत येतो, म्हणजे १. जे तांबडं जवळपास तिप्पट होतं ते सेन्सरवर पडताना निळ्याहून कमी झालं. त्यात ऑक्सिजनचा हिरवट-निळा मिसळला की राखाडी-गुलाबी होणारच. तुमच्या स्टॅकिंगचा यात काही दोष नाही.

एम ४२ तांबूस आला तो मुळात अतोनात तेजस्वी आहे म्हणून. चौथा हिस्साही तिथे पुरतो. रोझेटचा उजेड मात्र सव्वा अंशाहून मोठ्या पसाऱ्यावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीचपटीहून जास्त रुंदीवर पातळ पसरलेला आहे.

मग बाहेरून ड्युअल-बँड लावून काय होईल? दोन चाळण्या एकावर एक ठेवल्या तर आतल्या चाळणीत जे अडकतं ते बाहेरची चाळण परत देऊ शकत नाही. बाहेरचा फिल्टर दिव्यांचा उजेड नक्की कमी करेल, पण एच-अल्फाचा तो पाऊण हिस्सा कॅमेऱ्याच्या आतच अडलेला राहील. वर ताऱ्यांचाही बराच प्रकाश जाईल, त्यामुळे एकेक फ्रेम ३ ते ५ मिनिटांची लागेल. ५५-२५० लेन्स आणि गाइडिंग (चूक आपोआप सुधारण्याची सोय) नसलेला ट्रॅकर यांवर तेवढ्या फ्रेम धरणं कठीण. चिपळूणच्या गल्लीत तोच फिल्टर सोन्यासारखा आहे, कारण तिथे मुख्य शत्रू दिवे आहेत. पूर्णगडला ते नाहीत. तुम्हाला काळोख घराबाहेर पडताच मिळतो. मुंबई-पुण्याची मंडळी तेवढ्यासाठी शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवतात.

म्हणून माझ्या मते तुमचा क्रम असा: आधी वेळ वाढवा, मग दव आटोक्यात आणा, मग कॅमेऱ्याचं बघा. फिल्टर सगळ्यात शेवटी.

वेळेचं सांगतो. सव्वा तास एफ/५.६ ला फार कमी आहे. प्रतिमेतला कण, नॉइज, निम्म्यावर आणायचा तर वेळ चौपट लागतो, त्याला आडवाट नाही. सव्वाचे पाच तास करा. ते एका रात्रीत होणार नाहीत, व्हायला नकोतही. अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच रात्री धरून रोज थोडं थोडं जमवा. सिरिल वेगवेगळ्या रात्रींच्या फ्रेम एकत्र जुळवून घेतं. कडं राखाडी असलं तरी त्यातल्या काळ्या धुळीच्या रेघा उमटायला लागतील.

घरात ५० एमएमची एफ/१.८ लेन्स पडून असेल तर ती एफ/२.८ वर लावून बघाच. ५.६ च्या चौपट उजेड येतो. रोझेट लहान दिसेल, पण त्याच फ्रेममध्ये मृगाला वळसा घालणारी बर्नार्डची कमान येईल. ती ५० वर जशी येते तशी २५० वर कधीच येणार नाही. माझ्या लेखी तो फोटो जास्त मोलाचा आहे. सगळं मृग एका हायड्रोजनच्या ढगात बुडालेलं आहे, हे त्यात डोळ्यांना पटतं.

ट्रॅकरबद्दल. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून १७ अंशही वर नाही. इतक्या खाली तो धुरकट हवेतून बघावा लागतो आणि एखादं कलम किंवा नारळ मध्ये आला की संपलं. रोझेट खगोलीय विषुववृत्ताजवळ, ५ अंश उत्तरेला आहे. ट्रॅकरच्या वेगातली चूक तिथल्या ताऱ्यांत सगळ्यात जास्त दिसते, त्यात अक्ष चुकला तर भरच पडते. गच्चीवरून ध्रुव जेमतेम दिसतो म्हणता, तेव्हा जागा बदला. उत्तर मोकळी असलेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, शोधा. पूर्णगड-गावखडीच्या बाजूला कातळ भरपूर आहे. आणि ध्रुव तारा म्हणजे खरा ध्रुवबिंदू नव्हे, तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला असतो. त्या वेळी नेमका कुठल्या बाजूला आहे ते मोबाइलवरचं ॲप दाखवतं. ट्रॅकरच्या ध्रुवदर्शकातल्या (छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर त्याच जागी त्याला बसवा. ही दहा मिनिटं नीट दिली तर ६० सेकंदांतल्या कमी फ्रेम गाळाव्या लागतील. काही तरीही जातील, २५० एमएमवर या ट्रॅकरच्या गिअरचा झोल दिसतोच.

पुळणीवर मात्र मांडामांड करू नका. मोकळं आकाश बघून मोह होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तुमच्याकडच्या कुठल्याही खारव्याला माहीत असतं. अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. जानेवारीच्या मध्यावर रोझेट माथ्यावर येतो तोही साडेअकराच्या आसपास. म्हणजे आपला नेम लागलेला असताना पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. शिवाय लाटांचा तुषार लेन्सवर बसतो तो वेगळाच.

आता दव. कोकणात आकाश बिघडवणारी खरी गोष्ट ही आहे आणि फिल्टरच्या चर्चेत तिचं नावही निघत नाही.

आधी रुमाल बंद करा. किनाऱ्यावर लेन्सवर जे बसतं त्यात मीठ असतं. ते घासलं की काचेवरचा लेप जातो. मुळात दहिवर धरूच द्यायचं नाही. लेन्सची काच मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. आपल्या दमट हवेत तेवढं पुरतं. काच दोन-तीन अंशांनी गरम राहिली तर एक थेंब धरत नाही. यूएसबीवर चालणारा हीटरपट्टा विकत मिळतो, पण मी आयुष्यभर वायरमनचं काम केलं, म्हणून घरीच करतो. ३३० ओहमचे, अर्ध्या वॉटचे १२ रेझिस्टर समांतर जोडायचे. एकूण रोध २७.५ ओहम होतो. १२ व्होल्टला ५ वॉटच्या किंचित वर उष्णता निघते, ५५-२५० ला भरपूर झाली. रेझिस्टर कापडी पट्टीत ओळीने शिवायचे, वर वेल्क्रो, आणि पट्टी काचेच्या अगदी मागे, लेन्सच्या तोंडाशी गुंडाळायची. जोडाच्या ठिकाणी हीटश्रिंक नळी घालाच, खाऱ्या हवेत उघडं डाग दिलेलं टोक एका पावसाळ्यात हिरवं पडतं. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी रात्रभर पुरते. वायरच्या सुरुवातीला १ अँपिअरचा फ्यूज विसरू नका. फोकस हीटर लावून अर्धा तास गेल्यावरच करा, गरम झाल्यावर तो सरकतो.

वाऱ्याचं गणितही बघा. दिवसभर खारे वारे समुद्राकडून ओल आणि मीठ आणतात. संध्याकाळी क्षितिजावर जो दुधाळ पडदा दिसतो तो त्यांचाच. रात्री वारा फिरतो, मतलई सुरू होतो, जमिनीवरची कोरडी हवा समुद्राकडे जाते. माझ्याकडे दहानंतर आकाशाचा पोत बदललेला कळतो, व्याधाभोवतीचं खळं नाहीसं होतं. त्याआधीच्या फ्रेम मी अक्ष जुळवण्यात आणि फोकसमध्येच घालवतो. खाडीच्या काठी मात्र मतलईबरोबर धुकं उतरतं. तुम्ही मुचकुंदीच्या कडेला आहात म्हणून सांगितलं, वर सड्यावर गेलात तर खाली धुकं आणि वर लख्ख आकाश असं पुष्कळदा मिळेल.

बोटींच्या उजेडावर उपाय एकच, रोझेट पश्चिमेकडे कलल्यावर थांबायचं. माथ्यावर तो ७८ अंशांवर असतो, तेव्हा तुम्ही हवेच्या सगळ्यात पातळ थरातून बघत असता. दीडनंतरच्या फ्रेम बाजूला ठेवून स्टॅक करून बघा, फरक कळेल. आणि फेब्रुवारी उजाडला की भाजावळीचा धूर सुरू होतो. त्याच्या आत जेवढं होईल तेवढं उरका.

एक गोष्ट राहिली. आपल्याकडे जानेवारीतही पारा फार खाली उतरत नाही. सेन्सरमधला उष्णतेचा कण साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो, म्हणून लडाखच्या माणसाचे आयएसओचे आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. डार्क फ्रेम न चुकता घ्या, त्याच रात्री, त्याच आयएसओवर, तितक्याच सेकंदांच्या, लेन्सला झाकण लावून. अर्धा तास त्यात जातो. जाऊ दे.

---

सड्यारचो (कुणकेश्वर)

ताई, माका फोटोतला काय कळणा नाय, पण सडो कळता. रातचे कातळार बसूचा तर फुरशाक जपा. सुक्या गवतात नायतर दगडाखाली पडान रवता. लांबीक दीड-दोन वीत, रंग कातळाचोच, बॅटरी मारल्याशिवाय दिसणा नाय. ट्रायपॉड लावच्या आधी सगळी जागा बघून घेवा, दगड हातान उचलू नका, पायात बूट घाला. चावलाच तर बांधूक-कापूक जाव नका, हलाचाला नको, सरळ सरकारी दवाखानो. विषावरचा इंजेक्शन थयच गावता. आणि एकट्या जाव नका.

---

मुचकुंदीकाठ (पूर्णगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. सड्याची सूचना घरच्यांना वाचून दाखवली. दीर बरोबर यायला तयार आहेत.

काका, दोन शंका. कॅमेरा मॉडिफाय केला तर घरच्या फोटोंचं काय होतं? आणि दुसरी जरा वेगळी. शेजारच्या मुलाच्या दुर्बिणीतून मी रोझेटची जागा पाहिली, काही दिसलं नाही. एम ४२ दिसला तोही करडाच. मग फोटोत आपण जो तांबडा रंग आणतो तो खरा आहे, की आपण घातलेला? मुलं विचारतात तेव्हा मला ठाम उत्तर देता आलं पाहिजे.

---

कातळावरून (देवगड)

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण मुलं विचारताहेत.

रंग खरा आहे. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि त्यांना ६५६ चा तांबडा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून करडं दिसतं. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, त्यामुळे त्याला रंग मिळतो. मुलांना विजयदुर्गाचं सांगा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून गेला. किल्ल्यातला साहेबाचा कट्टा आजही दाखवतात. त्या ग्रहणात गुंटूरहून बघणाऱ्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनसारख्या निरीक्षकांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला, तर त्यात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा होत्या. त्यातली तांबडी रेषा म्हणजेच आपला एच-अल्फा. सूर्याच्या ज्वाळेत आणि ५,००० प्रकाशवर्षांवरच्या रोझेटमध्ये हायड्रोजन एकाच तरंगलांबीवर उजळतो. त्या तांबड्याला आपण काही जोडत नाही, कॅमेऱ्याने जे अडवलं ते परत मिळवतो.

पण खरेपणा स्ट्रेच करताना आणि रंग जुळवताना राखावा लागतो. सिरिलमध्ये आधी पार्श्वभूमी काढा, म्हणजे बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन. तुमचा बोटींचा पिवळा उजेड तिथे बराचसा जाईल. नमुना-बिंदू रोझेटच्या कड्यावर पडू देऊ नका, नाहीतर तेजोमेघच पार्श्वभूमी समजून वजा होतो. तुमचं कडं वर येत नाही यात हे एक कारण असू शकतं, म्हणून मुद्दाम तपासा. मग ताऱ्यांच्या सूचीवरून रंग जुळवणारी पायरी, फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन. स्ट्रेच त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की आकाश मातकट होतं. लाल स्लायडर ओढून तांबडं करू नका. तसं केलं की तारेही तांबडे होतात आणि एनजीसी २२४४ चे निळे-पांढरे तारे मरतात. त्या ताऱ्यांमुळेच तर हा तेजोमेघ उजळला आहे.

आता कॅमेरा. मॉडिफाय दोन तऱ्हेने होतं. एकात आतला फिल्टर काढून जागा मोकळी किंवा साधी काच ठेवतात. दुसऱ्यात त्याच्या जागी एच-अल्फा पूर्ण आत सोडणारा, पण अवरक्त अडवणारा फिल्टर बसवतात. आपल्या कामाला दुसरी तऱ्हा बरी. दिवसाचे फोटो तांबूस येतात. पांढऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला की उन्हातले बरेच ताळ्यावर येतात. पण मुंजीच्या मांडवात एक दिवा पिवळा, एक पांढरा, त्यात माणसांचे चेहरे, तिथे त्रास होतो. म्हणून घरचा एकुलता एक कॅमेरा उघडू नका, असंच मी सांगेन. जे पैसे फिल्टरला घालणार होता त्यातून जुना ६००डी किंवा ११००डी मिळतो का बघा, तो मॉडिफाय करून घ्या. तारे टिपायला जुना सेन्सर चालतो, तुमच्या लेन्स त्याला बसतात. या बदलाने एच-अल्फा तिप्पट-चौपट वाढेल. एवढी उडी दुसऱ्या कुठल्याही खर्चात नाही. कंपन्यांनीही खास ताऱ्यांसाठी असे कॅमेरे काढले होते, कॅननने २०१२ मध्ये ६०डीए, निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए. ते काही उगाच नव्हे.

काम मात्र जाणकाराकडून, कोरड्या आणि बंद खोलीत करून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात उघडलेल्या कॅमेऱ्यात ओल शिरली की बुरशी धरते. आणल्यावर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही रबराच्या कडेच्या घट्ट डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर भाजून परत वापरा. त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवा, रंग बदलणाऱ्या जेलमधलं रसायन जेवणाच्या भांड्यात नको.

---

वाशिष्ठी_रात्र (चिपळूण)

काकांचं पटतं. काळोख असेल तर क्रम तोच बरोबर. माझ्या गल्लीसाठी मात्र मी फिल्टरवर ठाम आहे.

ताई, खर्चाआधी खात्री करायची असेल तर माझा फिल्टर काही दिवस देतो. रत्नागिरीला येणं-जाणं असतं. एका रात्री अर्धा वेळ फिल्टर लावून आणि अर्धा वेळ न लावता काढा. फिल्टर दोन इंची आहे, तुमच्या लेन्सला बसेल ना?

---

कातळावरून (देवगड)

हे उत्तम. ५५-२५० एसटीएमचा आटा ५८ मिलिमीटरचा आहे, दोन इंची फिल्टरचा ४८ चा. ५८ वरून ४८ वर उतरणारी स्टेप-डाउन रिंग लागेल. २५० ला एफ/५.६ म्हणजे लेन्सचं तोंड जवळपास ४५ मिलिमीटर उघडं असतं, फिल्टरची मोकळी काचही तेवढीच. त्यामुळे कोपरे काळवंडतील. ते निस्तरायला फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेम, हव्यातच. पहाटे उजाडताना लेन्सवर पांढरं स्वच्छ सुती कापड ताणून बांधा, लेन्स माथ्यावरच्या आकाशाकडे करा, फोकस रात्रीचाच ठेवा आणि हिस्टोग्राम मध्यावर येईल इतका वेळ द्या. फिल्टर लावून वेगळ्या, न लावता वेगळ्या.

तुलना करताना दोन्हींना सारखी सेकंदं देऊ नका. फिल्टर न लावता ६० सेकंद, लावून १८०. शेपट्या जास्त येत असतील तर लेन्स १३५ वर आणा आणि दोन्ही वेळा तीच ठेवा. एकूण वेळ दोन्हीचा सारखा, आणि दोन्ही गट रोझेट ६० अंशांच्या वर असतानाचेच. जानेवारीत साडेनऊपासून दीडपर्यंत तो तेवढा वर असतो, म्हणजे दोन-दोन तास मिळतील. फोटो इथे टाकाल तेव्हा स्ट्रेच न केलेले स्टॅक टाका, ३२ बिट फिट्स फाइली. स्ट्रेच केलेल्या जेपीजीवरून काहीच सांगता येत नाही.

---

मुचकुंदीकाठ (पूर्णगड)

फिल्टर चालेल, रत्नागिरीला मी येऊन घेईन. रिंग मागवली. रेझिस्टर इथल्या दुकानात पाव वॉटचेच मिळताहेत, ते चालतील का?

---

कातळावरून (देवगड)

३३० चे पाव वॉटचे नकोत. १२ व्होल्टला एकेकावर ०.४४ वॉट पडतात, जळतील. पाव वॉटचेच मिळत असतील तर ६८० ओहमचे २४ घ्या, तेही समांतर. एकेकावर ०.२१ वॉट येईल, एकूण ५ वॉटच. पट्टी लांब होईल, दोन ओळींत शिवा.